व्हायग्राला विमा, गोळीला का नाही?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २७ मार्च १९९८ रोजी 'व्हायग्रा' या औषधाला मान्यता दिली. पुरुषांमधील लैंगिक दुर्बलतेवर तोंडावाटे घ्यावयाचे ते त्या देशातील पहिलेच औषध होते. एका गोळीची किंमत सुमारे दहा डॉलर. बाजारात आल्यापासून अल्पावधीतच अनेक विमा योजनांनी तिचा खर्च, निदान काही प्रमाणात, देण्यास प्रारंभ केला. त्याच देशात संततिनियमनाची गोळी १९६० पासून उपलब्ध होती आणि कोट्यवधी स्त्रिया ती वापरत होत्या. तरीही अडतीस वर्षांनंतर अनेक विमा योजना तिचा खर्च नाकारत होत्या. 'व्हायग्राला विमा, मग गोळीला का नाही?' हा प्रश्न त्या वर्षी प्रथम मोठ्या आवाजात विचारला गेला.

वरवर पाहता हा दोन गोळ्यांमधील तुलनेचा वाद वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी अधिक खोल प्रश्न आहेत. आजार कशाला म्हणायचे, वैद्यकीय गरज कोणती आणि चैन कोणती, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? गेल्या तीन दशकांत अमेरिकेतील न्यायालये, विधिमंडळे आणि विमा कंपन्या यांनी या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतील काही परस्परविरोधीही आहेत.

पगाराबरोबर येणारा विमा

हा वाद समजण्यासाठी अमेरिकेतील आरोग्यविम्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. तेथे ६५ वर्षांखालील बहुसंख्य नागरिकांना विमा मिळतो तो नोकरीतून. हप्त्याचा मोठा वाटा मालक उचलतो आणि कोणत्या उपचारांचा खर्च द्यायचा, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवितो. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचा विमाही बहुधा याच मार्गाने येतो. आपल्याकडील मेडिक्लेमप्रमाणे हा विमा केवळ रुग्णालयातील खर्चापुरता नसतो. डॉक्टरांची तपासणी फी आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली औषधे यांचाही त्यात समावेश असतो. विमेदाराने प्रत्येक औषधामागे ठरावीक रक्कम भरायची, उरलेली योजनेने द्यायची, अशी पद्धत आहे.

संततिनियमनाची गोळी, तांबी, इंजेक्शन ही साधने त्या काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नसत आणि ती सर्व स्त्रियांसाठीच होती. पुरुषांचे साधन म्हणजे निरोध. तो कोणत्याही दुकानात मिळतो. त्यामुळे 'चिठ्ठीवरील गर्भनिरोधके वगळून' अशी तीन शब्दांची अट योजनेत असली, की तिचा भार केवळ स्त्रियांवर पडत असे.

गटमाकर इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये केलेल्या पाहणीत हे चित्र आकड्यांत स्पष्ट झाले. मोठ्या समूह विमा योजनांपैकी जवळजवळ सर्व योजना चिठ्ठीवरील औषधांचा खर्च देत होत्या. परंतु त्यांतील निम्म्या योजनांत संततिनियमनाच्या एकाही तात्पुरत्या साधनाचा समावेश नव्हता. गोळीचा खर्च देणाऱ्या योजना एकतृतीयांश होत्या. याउलट नसबंदीचा खर्च मात्र दहापैकी आठांहून अधिक योजना देत होत्या. मूल कधीच नको असेल तर विमा तयार होता. आणखी दोन वर्षांनी हवे असेल तर नव्हता.

येथे एक विरोधाभासही नोंदविला पाहिजे. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' या सरकारी योजनेत कुटुंबनियोजनाच्या सेवांचा समावेश १९७२ पासून बंधनकारक होता. त्यामुळे झळ बसत होती ती प्रामुख्याने सरकारी मदतीस पात्र नसलेल्या, नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांना.

नकाराची तीन कारणे

खर्च नाकारणाऱ्यांचे युक्तिवाद तीन होते. पहिला असा की विमा हा आजारासाठी असतो आणि गर्भधारणा हा आजार नव्हे. लैंगिक दुर्बलता हा शरीराच्या कार्यातील बिघाड आहे, म्हणून व्हायग्रा हा उपचार. संततिनियमन ही मात्र व्यक्तिगत निवड. दुसरा युक्तिवाद विमाशास्त्राचा होता. विमा अनपेक्षित संकटासाठी काढतात. दरमहा नियमाने होणारा, आधीच ठाऊक असलेला खर्च विम्यात घेतला तर तो केवळ हप्त्यात मिसळतो. तिसरे कारण म्हणजे हप्ते वाढण्याची भीती.

यांपैकी दुसरा युक्तिवाद तत्त्वतः चुकीचा नाही. परंतु तो सर्वांना सारखा लावला जात नव्हता. रक्तदाबाची गोळीही रोज घ्यावी लागते आणि तिचाही खर्च आधीच ठाऊक असतो. लहान मुलांचे लसीकरण हाही आजार नव्हे, आजार टाळण्याचा उपाय आहे. या दोहोंचा खर्च योजना देत होत्या. हप्ते वाढण्याची भीतीही अनुभवाने खरी ठरली नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेत १९९८ मध्ये संसदेने गर्भनिरोधकांचा समावेश केला. सुमारे ९० लाख लोकांना संरक्षण देणाऱ्या या योजनेत त्यामुळे हप्ते वाढविण्याची गरज भासली नाही, असे सरकारी कार्मिक विभागाने नंतर कळविले. गोळीचा खर्च वाचविणाऱ्या योजनेला उद्या बाळंतपणाचा खर्च द्यावा लागतो, हे त्यामागचे सरळ गणित.

व्हायग्राचे आगमन

व्हायग्रा येण्यापूर्वीच, १९९७ मध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या ऑलिम्पिया स्नो आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी रीड या दोन सिनेट सदस्यांनी गर्भनिरोधकांना विम्यात समान वागणूक देणारे विधेयक संयुक्तपणे मांडले होते. ते पुढे अनेकदा मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. व्हायग्राने या मागणीला न मिळालेली धार दिली. तोवर आकडेवारीत अडकलेली विषमता आता एका वाक्यात सांगता येऊ लागली. मेरिलँड हे १९९८ मध्येच गर्भनिरोधकांचा समावेश सर्वंकषपणे बंधनकारक करणारे पहिले राज्य ठरले. पुढील दशकात वीसहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

तथापि, व्हायग्राचा खर्च सर्वांनी बिनतक्रार दिला, असेही नाही. कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये खर्चाचे कारण देऊन ते नेहमीच्या संरक्षणातून वगळले. केंद्र सरकारने त्याच वर्षी राज्यांना मेडिकेडखाली ते देण्यास सांगितले. मात्र २००५ च्या कायद्याने उलट पाऊल उचलले. लैंगिक दुर्बलतेवरील औषधे २००६ पासून मेडिकेडच्या आणि २००७ पासून ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' औषध योजनेच्या केंद्रीय अनुदानातून बाद झाली. मधुमेह किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना हा त्रास होतो, अशा रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णयही अन्यायाचाच होता. लैंगिक आरोग्य म्हटले की गरजेपेक्षा संकोच आणि थट्टा यांवर निर्णय होतात, हे या प्रकरणात पुरुषांच्याही अनुभवास आले.

सिएटलचा खटला

कायदेशीर लढाईला पहिले यश डिसेंबर २००० मध्ये आले. समान रोजगार संधी आयोगाने दोन परिचारिकांच्या तक्रारीवर निर्णय दिला. अन्य प्रतिबंधक औषधांचा खर्च देणाऱ्या योजनेने चिठ्ठीवरील गर्भनिरोधके वगळणे हा लिंगभेद आहे, असे आयोगाने म्हटले. आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आणि त्याला १९७८ मध्ये जोडलेल्या गर्भधारणाविषयक दुरुस्तीचा. या दुरुस्तीला इतिहास आहे. विमा योजनेतून गर्भधारणा वगळणे हा लिंगभेद नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खटल्यात दिला होता. तो निष्प्रभ करण्यासाठीच संसदेने ही दुरुस्ती केली.

त्यापाठोपाठ १२ जून २००१ रोजी सिएटल येथील संघीय न्यायालयाने 'एरिक्सन विरुद्ध बार्टेल ड्रग कंपनी' या खटल्याचा निकाल दिला. फिर्यादी स्वतः औषधविक्रेत्या कंपनीत फार्मासिस्ट होती. ज्या गोळ्या ती ग्राहकांना रोज देत होती, त्यांचाच खर्च तिच्या स्वतःच्या विम्यात नव्हता. न्यायाधीश रॉबर्ट लॅस्निक यांनी कंपनीचे युक्तिवाद फेटाळले. एखादी योजना कर्मचाऱ्यांच्या औषधांच्या गरजा सर्वसाधारणपणे भागवीत असेल, तर केवळ स्त्रियांना असलेली गरज तीत रिकामी ठेवता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. संघीय न्यायालयाने असा निर्णय देण्याची ही पहिलीच वेळ.

समान नकार म्हणजे न्याय?

मात्र सहाच वर्षांत चित्र पालटले. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या महिला कर्मचाऱ्यांनी अशीच फिर्याद केली होती. कनिष्ठ न्यायालयात त्या जिंकल्या. परंतु आठव्या विभागीय अपील न्यायालयाने मार्च २००७ मध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल फिरविला. संततिनियमन हे गर्भधारणेपूर्वीचे असल्याने १९७८ ची दुरुस्ती त्याला लागू होत नाही, असे बहुमताने ठरविले. शिवाय ही योजना स्त्रियांच्या गोळीप्रमाणेच पुरुषांची नसबंदी आणि निरोध यांचाही खर्च देत नव्हती. दोघांनाही नकार, म्हणजे भेदभाव नाही.

या संपूर्ण विषयातील कळीचा मुद्दा येथे आहे. कागदावर नकार समान होता. परंतु त्या नकाराचे परिणाम समान नव्हते. निरोधाची किंमत आणि तांबी बसविण्याचा खर्च यांची बरोबरी होत नाही. साधन परवडले नाही तर दिवस राहतात ते स्त्रीलाच. प्रकृतीला धोका, नोकरीतील खंड आणि पुढची वर्षे हा सारा हिशेब तिच्याच खात्यावर मांडला जातो. अल्पमतातील न्यायाधीश करमिट बाय यांनीही नेमका हाच भेद दाखविला होता.

२०१० चा कायदा आणि त्यानंतर

न्यायालयांतील मतभेदावर उत्तर आले ते संसदेतून. बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या आरोग्य सुधारणा कायद्यात सिनेट सदस्या बार्बरा मिकुल्स्की यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या प्रतिबंधक सेवांचे कलम आले. या सेवा कोणत्या, हे तज्ज्ञांनी ठरवावयाचे होते. 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २०११ मध्ये दिलेल्या यादीत मान्यताप्राप्त गर्भनिरोधकांचा समावेश केला. ऑगस्ट २०१२ पासून सुरू होणाऱ्या विमा वर्षांत बहुतेक योजनांना ती विमेदाराकडून एक पैसाही न घेता देणे भाग पडले.

परिणाम लवकर दिसला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गोळी वापरणाऱ्या स्त्रीची वर्षाला सरासरी सुमारे २५५ डॉलरची बचत होऊ लागली. बचतीइतकाच महत्त्वाचा होता निवडीचा प्रश्न. तांबी अनेक वर्षे टिकते आणि गोळीपेक्षा अधिक खात्रीची असते, परंतु तिचा सारा खर्च एकदम करावा लागतो. किमान वेतनावरील कामगार स्त्रीला तांबीसाठी जवळपास महिन्याभराचा पगार मोजावा लागतो, याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी २०१४ मध्ये लक्ष वेधले होते. विमा नसतो तेव्हा स्त्री उत्तम साधन निवडत नाही. त्या महिन्यात परवडेल ते निवडते.

या कायद्यातही एक पोकळी राहिली. पुरुषांची नसबंदी आणि निरोध यांचा समावेश केंद्रीय स्तरावर झाला नाही. स्त्रीची नसबंदी ही मोठी शस्त्रक्रिया, पुरुषाची त्या मानाने किरकोळ आणि स्वस्त. तरीही मोफत आहे ती स्त्रीची. मेरिलँडसारख्या काही राज्यांनी स्वतंत्र कायदे करून ही उणीव अंशतः भरून काढली. समानतेच्या नावाने आलेल्या तरतुदीने संततिनियमनाची जबाबदारी पुन्हा स्त्रीवरच टाकली, ही टीका म्हणूनच अनाठायी नाही.

मालकाची श्रद्धा, कर्मचाऱ्याची गरज

यानंतर वादाने वेगळे वळण घेतले. 'हॉबी लॉबी' या दुकानांच्या साखळीच्या मालकांनी चार गर्भनिरोधक साधनांना धार्मिक कारणावरून आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. मोजक्या भागधारकांच्या खासगी कंपन्यांना श्रद्धेच्या आधारे सूट मिळाली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ही सूट नैतिक आक्षेपांपर्यंत विस्तारण्यात आली. असे नियम करण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने जुलै २०२० मध्ये मान्य केला, परंतु नियमांवरील खटले त्यानंतरही चालू राहिले.

हाच प्रश्न पुढे एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या 'प्रेप' या औषधांबाबत उभा राहिला. तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये या औषधांची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केल्याने विमा योजनांना ती मोफत देणे बंधनकारक झाले. टेक्सासमधील एका कंपनीने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी तज्ज्ञ गटाची रचना वैध ठरविली आणि हे संरक्षण टिकले. दरम्यान, 'ओपिल' ही चिठ्ठीविना मिळणारी अमेरिकेतील पहिली संततिनियमन गोळी जुलै २०२३ मध्ये मान्य झाली. तिने जुनाच पेच नव्या रूपात आणला. विम्याची अट चिठ्ठीशी बांधलेली असल्याने, जी गोळी मिळणे सर्वांत सोपे तिचा खर्च विम्यातून मिळेलच याची शाश्वती नाही.

ब्रिटन आणि जपान

ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या टोकाने शोधले. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत गर्भनिरोधके १९७४ पासून मोफत आहेत. व्हायग्रावर मात्र १९९९ मध्ये मर्यादा घालण्यात आली. मधुमेह, प्रोस्टेटचा कर्करोग यांसारख्या ठरावीक विकारांच्या रुग्णांनाच ते सरकारी खर्चाने मिळू लागले. मूळ नावाऐवजी जेनेरिक औषध स्वस्तात मिळू लागल्यावर २०१४ मध्ये त्यासाठीची ही मर्यादा उठली. जपानमध्ये विषमता विम्याची नव्हे, मान्यतेची होती. तेथे व्हायग्राला सुमारे सहा महिन्यांत, जानेवारी १९९९ मध्ये, परवानगी मिळाली. कमी मात्रेच्या संततिनियमन गोळीचा अर्ज मात्र सुमारे नऊ वर्षे पडून होता. व्हायग्रावरून टीकेचे मोहोळ उठल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये ती संमत झाली.

आपल्याकडे काय?

भारतात व्हायग्रा आणि गोळी असा सामना विम्यात होत नाही, कारण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. औषधाच्या दुकानातून घेतलेली दोन्ही औषधे खिशातूनच घ्यावी लागतात. येथे संततिनियमनाचा भार सरकारने उचलला. राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. मुंबईत र. धों. कर्वे यांनी त्याच्या तीन दशके आधी, १९२१ मध्ये, संततिनियमन केंद्र काढले होते. सरकारी केंद्रांत माला-एन गोळ्या, तांबी, निरोध आणि २०१७ पासून 'अंतरा' इंजेक्शन व 'छाया' गोळी मोफत मिळते.

परंतु विम्याच्या कागदपत्रांत डोकावले तर जुनाच तर्क भेटतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील सतराव्या कलमात कोणत्याही प्रकारचे संततिनियमन, नसबंदी आणि वंध्यत्वावरील उपचार वगळण्याची तरतूद आहे. अठराव्यात बाळंतपण, अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेला गर्भपात आणि कायदेशीर गर्भपात यांचा खर्च वगळला जातो. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचा तेवढा अपवाद. ही दोन्ही कलमे ज्या पॉलिसीत आहेत, तेथे दिवस राहू नयेत म्हणून केलेला खर्च मिळत नाही, राहिल्यावरचा मिळत नाही आणि नको म्हणून डॉक्टरांकडे गेल्यास तोही मिळत नाही. बाळंतपणाचे संरक्षण वेगळे घेता येते, परंतु वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी अनेकदा दोन ते चार वर्षे थांबावे लागते. कंपन्यांच्या समूह विम्यात ही अट बहुधा शिथिल असते. म्हणून पॉलिसी घेताना ही दोन कलमे, प्रतीक्षा कालावधी आणि बाह्यरुग्ण खर्चाचे संरक्षण आहे का, हे आधी वाचणे हिताचे. दावा अन्याय्य रीतीने नाकारल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत.

एका बाबतीत भारतीय कायदा पुढे आहे. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींत गुप्तरोग आणि एड्स सरसकट वगळलेले असत. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार असल्याखेरीज, बाधितांना विमा नाकारण्यास मनाई केली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतल्याचे आढळले. पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. देश कोणताही असो, संततिनियमनाचा भार आधीच एका बाजूला झुकलेला आहे. विम्यातील न्यायाची कसोटी म्हणूनच केवळ दोघांना समान नियम लावण्यात नाही. त्या नियमाचे बिल शेवटी कोणाच्या हाती पडते, हे पाहण्यात ती आहे.